आबाच्या नावानं शेळीचं रक्त

आखाडा, जवळा बाजार
१८ नोव्हेंबर २०२४

सीमाताई,

पहिल्यांदा गुन्हा सांगतो, मंग रामराम घालतो. पोळ्याला तू आमच्या आबाचं म्हणून जे रक्त हैदराबादला मागवून घेतलंस, ते आबाचं न्हाई. ते शेळीचं हाय. आपल्या बांड्या शेळीचं, जिनं तुजी ओढणी खाल्ली होती तिचं.

आता रामराम.

हे फोनवर सांगितलं असतं. पन आमच्या घरात फोन एकच, अन् स्पीकरवर टाकल्याबिगर मायला ऐकू येत न्हाई. मायनं ऐकलं की पाचटाखालच्या उंदराला बी खबर लागती. म्हणून कागद. तू बी कागदावरच उत्तर दे, अन् इकडं शेतातल्या घरी, आखाड्यावर, धाडू नको. जवळा बाजारात पुनमचंद शेठचं सरकी-ढेपीचं दुकान हाय, तिथं माज्या नावानं धाड. शेठला वाटून राहिलंय मला कोण्यातरी पोरीचं पत्र येणार हाय. वाटू दे. त्यानं मला आजच चहा पाजला.

झालं असं. तुज्या अभ्यासाला तू आत्याचं, म्हंजे तुज्या आईचं, रक्त घेतलंस, मायचं घेतलंस, माजं बी घेतलंस. आबाची पाळी आली तं आबा मेंढरामागं गेलेला. तू म्हणालीस, मामाचं रक्त सगळ्यात कामाचं, आईचा सख्खा भाऊ, एकाच घरात वाढलेला. अन् नळी माज्याकडं ठेवून गेलीस, की सकाळी मामाला सिस्टरकडं ने अन् नळी जवळा बाजारला तुज्या माणसाच्या हातात दे. सांजच्याला म्या आबाला सांगितलं तं त्याचं तोंडच उतरलं. "शिवा, मला त्या सुईतून सोडव. काय बी कर." आता मला कोणी "काय बी कर" म्हणलं की माजं डोकं कसं चालतंय ते तुला ठावं हाय.

दुसऱ्या दिवशी जनावरांना लस टोचत हिंडणारा सुदाम आला होता. म्या त्याला म्हणलं, बांडीला कणकण हाय, तपासायला जरा रक्त काढून दे. त्यानं काढून दिलं, म्या ते तुज्या नळीत भरून तुज्या माणसाच्या हातात ठेवलं. बास.

ताई, म्या काय वाईट मनानं केलं न्हाई. मला वाटलं, तुज्या मशीनीत रक्त टाकलं की मशीन बोंबलंल, "अरे हे तं बकरं हाय!" मंग तू फोनवर शिव्या देशील, मी पोट धरून हसंल, अन् तू येऊन परत घेशील. तुज्या त्या शहाण्या लोकांची एक डाव गंमत व्हावी, एवढंच.

पन मशीन बोंबललीच न्हाई! अन् परवा तुजा फोन आला, की मामाच्या रक्तात लई भारी गोष्ट सापडली, आईत जे कमी हाय ते मामात बक्कळ हाय, म्हणून मामा ठणठणीत. पुढच्या महिन्यात मोठमोठ्या डॉक्टरांपुढं तू हे सांगणार. आत्या इथंच होती. तिची बोटं आता मुठीत येत न्हाईत, कातडी अशी ताठ झाली, जशी घोंगडीला चिंचोक्याची खळ देऊन वाळवावी तशी. ती त्याच बोटांनी पदर डोळ्याला लावून रडायली, म्हणे भावाच्या रक्तातून माजं औषध निघणार. माय साखर वाटायला उठली. आबा एकटा उठला, अन् मेंढराकडं गेला.

तेव्हा म्या कागद-पेन शोधला. उद्या तू त्या लोकांपुढं उभी राहशील अन् शेळीला मामा म्हणशील. तुजं नाव जाईल. म्हणून लिहिलं. मार पाहिजे तेवढा, पन लवकर मार.

तुजा,
शिवहार


हैदराबाद
२७ नोव्हेंबर २०२४

शिवा,

तुझं पत्र वाचून मी आधी दार लावून घेतलं आणि मग अर्धा तास नुसती बसले. हसू येत होतं की रडू, ते अजूनही ठरलेलं नाही. तू समोर असतास तर ठरलं असतं.

खरं सांगितलंस, ते वेळेवर सांगितलंस, एवढ्यावर तुझा जीव वाचला. मी त्याच दिवशी आमच्या मॅडमकडे गेले आणि म्हणाले, "मॅडम, माझा मामा शेळी आहे." त्यांनी चष्मा काढला. मी सगळं सांगितलं. नळीत थोडं उरलेलं होतं ते दुसऱ्या पद्धतीनं तपासलं, आणि हो, शेळीच. मॅडम एक शब्द ओरडल्या नाहीत, त्याचंच जास्त लागलं. म्हणाल्या, आता तुझी प्रत्येक नळी पुन्हा तपासायची, कोण जाणे कुठं म्हैस निघेल. माझं पुढच्या महिन्यातलं व्याख्यान होईल, पण त्यातून मामा गेला. म्हणजे अर्धं व्याख्यान गेलं. चार दिवस प्रयोगशाळेत सगळे मला बघून "में में" करतायत. हे तुझ्या खात्यावर.

आता मशीन का बोंबललं नाही ते ऐक, म्हणजे पुन्हा कोणाला फसवताना जरा शास्त्र धरून फसवशील.

आपल्या अंगात कातडी मजबूत ठेवणारा एक धागा तयार होतो, कोलॅजेन. जखम झाली की जास्त धागा लागतो, जखम भरली की थांबायला पाहिजे. "आता बास" म्हणणारे काही अगदी बारके तुकडे पेशींमध्ये असतात, त्यांना मायक्रोआरएनए म्हणतात. ते स्वतः काही बनवत नाहीत. धागा बनवायचा निरोप निघाला की मध्येच त्या निरोपाचं तोंड दाबतात. त्यातला एक एकोणतीस नंबरचा. आईच्या आजारात, स्क्लेरोडर्मात, हा एकोणतीस कमी पडतो, आणि धागा थांबायचं नाव घेत नाही. दुसरा एक एकवीस नंबरचा, तो उलटा, जास्त झाला की आगीत तेल. म्हणून कातडी ताठ होते. पुढं कधी फुप्फुससुद्धा.

आणि हे तुकडे इतके जुने आहेत, रे, की शेळीतला एकोणतीस आणि माणसातला एकोणतीस अक्षर न् अक्षर एकच. कोट्यवधी वर्षांत देवानं त्याला हात लावला नाही. माझं मशीन फक्त तो तुकडा शोधतं. कोणाच्या अंगातून आला, हे विचारत नाही. आईकडून, मामाकडून की बांडीकडून, त्याला सारखंच. फक्त शेळीत तो किती असतो याचा हिशोब माणसापेक्षा वेगळा, आणि मला वाटलं मामा म्हणजे चमत्कार.

आईला सांगितलं की माझ्या हातून चूक झाली, मामाच्या रक्तात काही खास नाही. तुझं नाव घेतलं नाही. तिला औषधाचं सुद्धा पुन्हा समजावलं, की या तुकड्यांवरून अजून कोणाचा इलाज होत नाही, शोध चालू आहे, तिच्या गोळ्या तिनं चालूच ठेवायच्या. "बरं" म्हणाली. तिचं ते "बरं" तुला माहीत आहे.

एक गोष्ट मात्र मला झोंबते आहे. मामानं नको म्हटलं असतं तर मी गुपचूप परत आले असते. रक्त देणं न देणं त्याचा हक्क आहे. मग तो पळाला कशाला? सुईला भिऊन? शिवा, ज्या माणसानं तळपायातला बाभळीचा काटा स्वतःच्या चाकूनं कोरून काढला आणि वर बिडी ओढली, तो माझ्या एवढ्याशा सुईला भिणार?

आईचं पहिल्यांदा काय झालं होतं आठव. हिवाळ्यात बोटं पांढरी पडायची, मग निळी. आम्ही हसायचो, म्हणायचो आई भुताची झाली. कातडी नंतर ताठ झाली, दोन वर्षांनी. आणि हा आजार एकाला असला की सख्ख्या भावंडात यायची शक्यता इतरांपेक्षा थोडी जास्त असते. थोडीच. पण असते.

म्हणून एक काम कर. थंडी पडली की पहाटे मेंढरं सोडताना मामाचे हात बघ. विचारू नकोस, टिंगल करू नकोस. नुसते बघ.

सीमाताई


आखाडा
९ डिसेंबर २०२४

सीमाताई,

तुजं पत्र घेताना शेठनं वास घेऊन बघितला. म्हणे, अत्तर न्हाई लावलं पोरीनं. म्या म्हणलं, शेठ, ती शिकलेली हाय, ती डेटॉल लावती.

हात बघ म्हणालीस. सोपं वाटलं मला. पन आबाचे हात बघायला मिळंनातच! दिसभर त्याचे हात घोंगडीत. पहिल्यांदा मला वाटलं थंडीनं. मंग ध्यानात आलं, ऊन वर आलं तरी घोंगडीतच. जेवताना आमच्याकडं पाठ करून बसायला लागला. म्या म्हणलं, "आबा, चल पंजा लढवू." तो म्हणला, "तुज्या मायसंगं लढव, तिचा पंजा मोठा हाय." माय चुलीपासून ओरडली, "कोणाला म्हणून राहिला?" झालं, पंजा राहिला अन् भांडण लागलं.

शेवटी परवा सकाळी दव लई पडलं होतं. वाघरीची, मेंढरं कोंडायच्या कुंपणाची, जाळी ओली, गार. ती सोडायला घोंगडीतून हात काढावेच लागतेत. मी कडब्याआड बसून बघितलं.

ताई, बोटं मेणबत्तीसारखी पांढरी. तिसऱ्या पेरापर्यंत. जणू ती त्याची न्हाईतच, कोणी वरून बसवली. गाठ सुटंना. दातानं सोडायला लागला. मंग बोटं निळी झाली, पार जांभळावानी. त्यानं बिडी पेटवली, आगकाडीवर बोटं धरली, अन् त्याला चटका बसला तरी कळलं न्हाई. म्या बघितलं, कातडी भाजली अन् तो बघतच राहिला.

तू म्हणालीस विचारू नको. मला दम कुठला. कडब्याआडून उठून गेलो.

"आबा, हे कवापासून?"

तो दचकला. हात आत. "काय कवापासून?"

"बोटं."

"गारठ्यानं होतंय. तुज्या आज्याची बी व्हायची."

"आज्याला मेंढरं राखताना सदरा नव्हता म्हणून व्हायची. तुला घोंगडी हाय."

"लई शहाणा झालास. मेंढरं सोड."

"आत्यासारखं हाय का आबा?"

ताई, तो खाली बसला. वाघरीच्या खुंटीजवळ. म्या माज्या बापाला असा बसलेला कधी बघितला न्हाई. म्हणला, दोन हिवाळे झाले. म्हणला, "भागाला सांगू नको."

म्या म्हणलं, काहून? आत्यालाच तं सगळं ठावं हाय, डॉक्टर बी ठावा, गोळ्या बी ठाव्या.

"ती माहेराला येते ती किती लांबून बसते बघितलंस? कोणाच्या लेकराला जवळ घेत न्हाई. सीमानं लाख सांगितलं हे लागत न्हाई, लागत न्हाई, पन तिच्या मनातून गेलं न्हाई. माजी बोटं तिनं बघितली तं ती म्हणंल, माजंच दुखणं भावाला लागलं. मंग ती येणार न्हाई, शिवा. ह्या आखाड्यावर पुन्हा पाय ठेवणार न्हाई. मला एकच बहीण हाय."

म्हणून पळाला व्हता तो सुईपासून. त्याला वाटलं तुजी सुई टोचली की तुला कळणार, तुला कळलं की आत्याला कळणार. अन् मी खुळा, म्या त्याला शेळीआड लपवला. मला ती गंमत होती ताई, त्याला लपायला आडोसा झाला होता. फोनवर तू म्हणालीस मामा ठणठणीत, तेव्हा तो उठून गेला ते ह्याच्यासाठी. त्याला ठावं होतं तुजी मशीन खोटं बोलून राहिली.

आता काय करू?

शिवहार


हैदराबाद
१७ डिसेंबर २०२४

शिवा,

व्याख्यान झालं. बरं झालं. शेवटी एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी विचारलं, रुग्णांच्या भावंडांचं काय? मी म्हणाले, त्याची माहिती माझ्याकडे अजून नाही. ते म्हणताना माझ्या डोळ्यांपुढं मामाची वाघर होती.

आता नीट वाच.

बोटं पांढरी-निळी पडतात त्यातल्या बहुतेक लोकांना पुढं काहीसुद्धा होत नाही. पण मामाला हे उतरत्या वयात सुरू झालं, चटका कळत नाही, आणि सख्ख्या बहिणीला आजार आहे. म्हणून दाखवायलाच पाहिजे. लवकर कळलं तर खूप काही हातात राहतं. आईच्या वेळी आम्ही हसत बसलो. ते मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

डॉक्टर काय करतील: नखाच्या मुळाशी तेलाचा थेंब टाकून भिंगातून बघतील. तिथल्या केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या सरळ आहेत की फुगल्यात, त्यावरून पुष्कळ कळतं. एक साधी रक्ततपासणी. छातीची तपासणी. बस. माझ्या एकोणतीस-एकवीसचा यात काही संबंध नाही. त्यावरून एका माणसाचं काही सांगता येत नाही, आणि मी मामाचं नाव माझ्या अभ्यासातून काढून टाकलंय. आता तो फक्त माझा मामा आहे.

तोपर्यंत हात ऊबदार ठेवायचे. लोकरीचे हातमोजे. गार पाण्यात हात नाही. आणि बिडी बंद. बिडीनं त्याच रक्तवाहिन्या आणखी आवळतात. तू सांगितलंस तर तो हसेल, मला माहीत आहे, तरी सांग.

नांदेडला एक डॉक्टरीणबाई आहेत, आईला त्याच बघतात. पत्ता खाली लिहिलाय. मी त्यांना फोन करून ठेवते.

आणि शिवा, माझी शपथ आहे. या वेळी काही डोकं चालवू नकोस. मामाला सरळ सांग. माणसाला फसवून दवाखान्यात नेलं की तो परत कधी जात नाही.

आईचं मी बघते. घाई करू नका.

सीमाताई


वारंगा फाटा
३० डिसेंबर २०२४

सीमाताई,

सरळ सांगितलं. तुजं पत्र वाचून दाखवलं, बिडीचं वाक्य दोन डाव वाचलं. आबानं सगळं ऐकलं, "सीमा गुणाची पोर हाय" म्हणला, बिडी पेटवली, अन् दुसऱ्या दिवशी मेंढरं घेऊन इकडं वारंगा फाट्याला निघून आला. इथं एकाच्या रानात मेंढरं बसवायला बोलावलंय, खतासाठी. आखाड्यावर परत कधी येणार, तं म्हणे बघू. तुज्यापासून, मायपासून, आत्यापासून, सगळ्यापासून लांब. माज्यापासून तेवढा सुटला न्हाई, मी मागं मागं आलो.

आत्याला बी कळून राहिलंय काहीतरी. फोनवर विचारत होती, माजा भाऊ नामा काहून भेटायला येत न्हाई म्हणून.

मोजे आणले. कोकराच्या पायात घातले त्यानं. कोकरू गोड दिसतंय.

सरळचं तं हे असं झालं. आता माज्या पद्धतीनं.

शिवहार


हैदराबाद
६ जानेवारी २०२५

शिवा,

काहीही करू नकोस. हे पत्र मिळाल्याबरोबर मला फोन कर. "माझ्या पद्धतीनं" म्हणजे काय? शिवा?

सीमाताई


आखाडा, जवळा बाजार
२१ जानेवारी २०२५

सीमाताई,

तुजं चिठ्ठीएवढं पत्र शेठकडं पडून होतं, आज मिळालं. उशीर झाला. करून बसलो.

शेठ म्हणला, एवढं छोटं पत्र म्हंजे पोरगी रुसली. म्या म्हणलं, व्हय शेठ, आता कळलं तं मारणारच हाय ती.

आता तुजी शपथ मोडली ती माफ कर, अन् शांतपणे वाच. आबाला फसवू नको म्हणालीस. म्या आबाला फसवलं न्हाई. म्हंजे, त्याच्याबद्दल फसवलं न्हाई.

फाट्यावरच्या दुकानातून नीळ आणली. कपड्याला देतेत ती. पहाटे मेंढरं सोडायच्या आधी पाण्यात कालवली, दहा बोटांना तिसऱ्या पेरापर्यंत लावली, वरून थोडी राख चोळली, म्हंजे रंग मेलेला दिसतो. हात हौदाच्या पाण्यात धरले, खरोखर गार पडंपर्यंत. अन् आबाकडं गेलो.

"आबा, माजी बोटं बघ काहून अशी झाली?"

ताई, म्या लई जणांना फसवलं. मास्तरला, तुला, शेठला तं रोजच. फसलेल्या माणसाचं तोंड बघायला मला मजा येती. पन आबाचं तोंड बघून मला मजा आली न्हाई. त्याच्या हातातली बिडी पडली. त्यानं माजे दोन्ही हात धरले, सदरा वर केला, अन् माजे बर्फासारखे हात आपल्या पोटाला लावले. एवढ्या गारठ्यात. शहारला, पन सोडले न्हाईत. म्हणला, "कवापासून?"

म्या म्हणलं, "आजच."

"दुखतंय?"

"बधिर झालेत."

मंग त्यानं बाजूच्या मेंढरवाड्यावरच्या संतरामला हाक मारली, मेंढरं त्याच्या हवाली केली, फेटा बांधला, अन् आमी फाट्यावर येऊन नांदेडची एसटी धरली. सगळ्या वाटेनं माजे हात त्याच्या घोंगडीत होते. मला घाम आला, तरी त्यानं काढू दिले न्हाईत. नीळ घामानं पसरती का काय, ह्याच भीतीनं मी अर्धमेला. एक बाई कंडक्टरला म्हणली, बापलेकाचं किती प्रेम हाय बघा. मला वाटलं गाडीतून उडी मारावी.

डॉक्टरीणबाईच्या पुढ्यात बसलो. ती मला म्हणली, दाखव. तं आबा मधीच म्हणला, "बाई, थांबा. ह्याचं माज्यापासूनच आलंय. भागाबाईचा भाऊ हाव मी, तुमी वळखता तिला. पहिलं माजे बघा, म्हंजे ह्याचं कळंल तुमाला." अन् त्यानं घोंगडीतून हात काढले, टेबलावर ठेवले. दोन वरसं मायला दाखवले न्हाईत ते हात, ताई. दिव्याखाली. पालथे अन् मंग उलथे.

बाईनं माजं एक बोट धरलं, स्पिरिटचा कापूस घेतला, घासला. कापूस निळा. तिनं कापसाकडं बघितलं. माज्याकडं बघितलं. म्या डोळ्यांनी हात जोडले. तिनं कापूस डब्यात टाकला अन् आबाला म्हणली, "मुलाची काही काळजी करू नका. तुमचं आधी बघू."

तेल टाकलं, भिंगातून बघितलं. तुला तिनं फोनवर सांगितलंच असंल, तरी सांगतो. आबाच्या काही नसा फुगल्यात. म्हंजे लागलंय, पन दारातच हाय. रक्त घेतलं, आबानं हूं की चूं केलं न्हाई, सुईकडं बघत बसला. छातीचं काढलं, ती साफ निघाली. गोळ्या सुरू झाल्या. बाई म्हणली, "वेळेवर आलात." हे ती कोणाला म्हणली, आबाला का मला, ते कळलं न्हाई.

परतताना आबाच म्हणला, आधी शिरड शहापूर, आत्याच्या घरी. म्हणला, पोराला लागलंय म्हणल्यावर आता लपवून काय करायचं. आत्या अंगणात तीळ निवडत होती. आबानं तिच्यापुढं हात धरले. तिनं तिळाचं सूप खाली ठेवलं. मला वाटलं आता ही म्हणंल, माज्यामुळं. तिनं तोंड उघडलं बी तसंच, तं आबा म्हणला, "भागे, पहिलं सांग, ह्या गोळ्या जेवायच्या आधी घ्यायच्या का मंग? तुजा अनुभव मोठा हाय." ताई, आत्या रडता रडता हसली. अन् लागली सांगायला. कोण्या गोळीनं पोटात जळतं, कोण्या तेलानं बोटं मऊ पडतेत, हात शेकायचे तं कढत पाण्यात न्हाई, कोमट. अंधार पडंपर्यंत सांगत होती. ती आता येणार हाय आखाड्यावर, महिनाभर राहायला. म्हणे नामाला काही कळत न्हाई, मलाच बघावं लागंल.

आबा म्हणून राहिलाय, सीमाला माजं रक्त पाहिजे असंल तं म्हणावं ये, पाहिजे तेवढं ने, आता मी पळत न्हाई. तू ठरव.

तं आता खरी गोष्ट. ह्याच्यासाठी हे पत्र.

बाई म्हणली, मुलाची काळजी करू नका. आबानं ऐकलं ते असं, की पोराला लागलंय पन थोडं हाय. तो रोज पहाटे मला उठवतो. चुलीपुढं बसवतो. आधी माजे हात शेकतो, एकेक बोट, मंग स्वतःचे. मोज्याचे दोन जोड आणले त्यानं, एक माजा, एक त्याचा. म्या घातले की तो घालतो. म्या काढले की तो म्हणतो, "तू काढलेस तं मी काय म्हातारा हाव का," अन् काढतो. बिडी सोडली. म्हणला, धूर तुज्या बोटांना वाईट. तुज्या पत्रानं न्हाई सुटली, डॉक्टरीणबाईच्या सांगण्यानं न्हाई सुटली, माज्या बोटांसाठी सुटली.

म्हणून मी मोजे घालून हिंडून राहिलो. बाजारात पोरं म्हणतेत, शिवहार मोटरसायकल कुठाय तुजी. म्या गप. भर दुपारी हाताला घाम, खाज, तरी गप. एवढं गप मी जन्मात राहिलो न्हाई.

तुज्या पाया पडतो, ताई. निळीचं कोणाला सांगू नको. आत्याला न्हाई, मायला तं मुळीच न्हाई, अन् त्या डॉक्टरीणबाईला म्हणावं तुमी बी विसरा. आबाला कळलं तं तो मला मारंल, त्याचं काही न्हाई, पन तो हसंल, मोजे फेकून देईल अन् बिडी पेटवंल. त्याला स्वतःसाठी काही करता येत न्हाई, तुला ठावं हाय. माज्यासाठीच येतंय. मंग राहू दे की माजी बोटं निळी. तुज्या मशीनीला सांगू नको, कागदावर कुठं लिहू नको, हे पत्र वाचलं की चुलीत घाल, तिथं चूल नसंल तं गॅसवर धर. सांगणार न्हाईस ना? शपथ घे. न्हाई ना सांगणार?

शिवहार